एकदा तरी पाहावेत असे जुने मराठी चित्रपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जुने' म्हणजे नेमके कधीचे?

या पानापुरतं १९१३ ते १९८८. दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात आणि 'अशी ही बनवाबनवी'पाशी थांबा. त्यानंतरही फार चांगले मराठी चित्रपट आले, पण त्यांची शिफारस करणारं कोणी ना कोणी घरात, ऑफिसात भेटतंच. जुन्यांचं तसं राहिलेलं नाही. ज्यांनी ते थिएटरात जाऊन पाहिले ती पिढी ओसरत चालली आहे, आणि टीव्हीवर लागले तर अशा वेळी लागतात की घरात बघायला कोणी नसतं.

सगळे बघणं जमणार नाही. एकच सांगा.

'कुंकू'. प्रभात फिल्म कंपनी, १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला.

कथा दोन ओळींची आहे. आईबाप नसलेल्या नीराचं लग्न तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतो. लग्न झाल्यावर ती सांगते की हे लग्न मला मान्य नाही. सांगते आणि त्यावर ठाम राहते.

जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकांना तेव्हा नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' १८९९मध्येच रंगभूमीवर आलं होतं. पण शारदा विनवते, रडते; तिची सुटका दुसरे लोक करतात. नीरा स्वतः नकार देते, त्याच घरात राहून, रोज. शांता आपटे यांचा चेहरा बघा. त्यात 'अबला' म्हणावं असं काही सापडत नाही. सावत्र मुलगा वाकड्या नजरेनं जवळ येतो तेव्हा ती त्याला छडीनं फोडून काढते, आणि तेव्हा तिच्या हाताला कापरं भरलेलं नसतं.

या चित्रपटात एक मोठं धाडस आहे ते कानांना कळतं. पार्श्वसंगीतच नाही. मागून व्हायोलिनं वाजवून 'आता रडा', 'आता घाबरा' असं कोणी सुचवत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं. काकासाहेबांच्या भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं, आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की तो आवाज म्हणजे त्यांचं वय आहे. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलनायक होऊ दिलेलं नाही, हे त्यांचं केवढं मोठं काम! आरशात स्वतःला तरुण करून बघणाऱ्या त्या माणसाचा राग येतो, लाज वाटते आणि शेवटाकडे जाताना पोटात कालवाकालवही होते. शेवट इथे सांगत नाही.

आणखी एक. काकासाहेबांच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. रँग्लर परांजप्यांच्या या कन्या पुढे र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात उभ्या राहिल्या. पडद्यावर नीराशी बोलताना त्यांच्या आवाजात जो विश्वास आहे, तो नुसत्या अभिनयाचा वाटत नाही.

कृष्णधवल चित्रपट बघायला मन लागत नाही. काय करावं?

पंधरा मिनिटं द्या, आणि खोलीतला दिवा बंद करा. कृष्णधवल चित्रीकरण उजेड-सावलीवर उभं असतं. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर पाहिलं तर सगळं राखाडी दिसणारच. 'अमृतमंथन' (१९३४) मधला राजगुरूच्या डोळ्याचा प्रचंड क्लोज-अप अंधारात बघा. दूरच्या वस्तू टिपायची भिंग वापरून प्रभातनं तो घेतला होता. असा डोळा पडद्यावर त्याआधी आपल्याकडे कोणी दाखवला नव्हता.

आवाज खरखरतो, संवाद कळत नाहीत.

हेडफोन लावा. आवाज वाढवून उपयोग नाही, खरखरही वाढते. त्या काळी ध्वनी फिल्मच्याच कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापलेला असायचा. फिल्म झिजली की आवाज झिजला. आज आपण जे बघतो ती बहुतेक वेळा प्रतीची प्रत असते.

दुसरी अडचण उच्चारांची. तीसच्या दशकातले बरेच नट संगीत नाटकांतून आलेले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय कॅमेऱ्यासमोरही सुटलेली नसे. सुरुवातीला ते बोलणं मोठं, सुटं सुटं वाटतं. मग कान सरावतो आणि त्या मराठीची गोडी लागते.

मी भाविक नाही. संतपट कशाला पाहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो नेहमी 'संत तुकाराम' (१९३६) न पाहिलेल्यांकडूनच येतो.

दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. विष्णुपंत गोविंदराव दामले आणि एस. फत्तेलाल हे दोघे प्रभातच्या भागीदारांपैकी. मूळचे तंत्रज्ञ आणि कलादिग्दर्शक. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, मुंबईच्या सेंट्रल थिएटरात तो वर्षभराहून जास्त चालला. पण पुरस्कारांसाठी पाहू नका. जिजाईसाठी पाहा.

तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची. रंगभूमीवर ते स्त्रीभूमिका करत असत. त्यांचा तुकाराम मऊ आहे, स्वतःतच हरवलेला आहे, आणि गातो तेव्हा आपण गातोय हे त्याला ठाऊक नसावं असं वाटतं. त्याच्यासमोर गौरी या अभिनेत्रीनं साकारलेली जिजाई. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, म्हशीचं दूध काढायचंय, आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करत बसलाय. ती भांडते. नवऱ्याशी भांडते, म्हशीशी बोलते, आणि वेळ आली तेव्हा देवळात जाऊन पांडुरंगाला फैलावर घेते. भक्तीवरच्या चित्रपटात देवाला जाब विचारणारी ही बाई सगळ्यात जास्त प्रेमानं रंगवलेली आहे, आणि तिचा हिशेब चित्रपटानं कुठंही खोटा ठरवलेला नाही. भाविक नसलेल्या माणसाला या घरात बसायला जागा आहे, ती जिजाईच्या शेजारी.

चमत्कार आहेत. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या वर येतात, शिवाजीराजांना पकडायला शत्रू येतो तेव्हा कीर्तनाला बसलेल्यांतला जो तो शिवाजी दिसू लागतो. हे ट्रिक सीन त्या काळच्या साधनांनी केलेत, आणि ते इतक्या साधेपणानं येतात की खरे-खोटे करायचं सुचत नाही.

गाण्यांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा नाही. तो या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिला, चाल केशवराव भोळे यांची. गाथेतलाच असावा असं मानून लोक तो आजही भजनात म्हणतात. कवीला याहून मोठी दाद कुठली मिळणार?

प्रभातचे आणखी कोणते?

'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१). दोन्ही व्ही. शांतारामांचे.

'माणूस'मध्ये एक पोलीस हवालदार, गणपत, धाडीच्या वेळी मैना नावाच्या वेश्येला वाचवतो आणि मग तिच्यात गुंततो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. 'कशाला उद्याची बात' हे गाणं तुम्ही ऐकलेलं असेल, पण बघितलं नसेल तर ते अर्धंच ऐकलंय. मैनेसमोर निरनिराळ्या प्रांतांतली गिऱ्हाइकं बसलीत आणि ती प्रत्येकाच्या भाषेत एकेक कडवं म्हणते. गाण्याचे शब्द बेफिकीर आहेत, तिचे डोळे तसे नाहीत. त्या काळचे प्रेमपट पराभूत प्रियकराला कुरवाळत असताना शांतारामांनी उलट भूमिका घेतली : प्रेम फसलं तरी माणसाला उभं राहावं लागतं.

'शेजारी'त एका गावातले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरणाचं काम घेऊन आलेला ठेकेदार त्यांच्यात फूट पाडतो. धरण फुटण्याचा प्रसंग प्रभातच्या तंत्रज्ञांनी ज्या ताकदीनं उभा केला आहे, तो बघून संगणक नसताना हे कसं केलं असेल असा प्रश्न पडतोच. पण मला त्याहून लक्षात राहतो तो दोघांचा अबोला. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार एकमेकांकडे न बघता जेवढं बोलतात, तेवढं पानभर संवादांत मावलं नसतं.

हिंदी आवृत्ती पाहिली तर चालेल का?

प्रभातनं बरेच चित्रपट एकाच वेळी मराठी आणि हिंदीत काढले : 'कुंकू'चा 'दुनिया न माने', 'माणूस'चा 'आदमी', 'शेजारी'चा 'पडोसी'. हे डबिंग नव्हे. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित झालेला आहे, काही ठिकाणी नटही वेगळे. मराठी न येणाऱ्या मित्राला हिंदी आवृत्ती जरूर दाखवा. आपल्याला मराठी येत असेल तर मराठीच बघावी. काकासाहेबांच्या घरातली आत्या हिंदीत बोलली की तिचं पुणं हरवतं.

'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण बघता येतो का?

नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागलेल्या त्या चार रिळांच्या चित्रपटाचा पूर्ण ऐवज आता हाती नाही. थोडेच तुकडे बघायला मिळतात. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला ती दिली गेली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. याच साळुंक्यांनी पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

फाळक्यांचं काम खऱ्या अर्थानं अनुभवायचं तर 'कालियामर्दन' (१९१९) पाहा. तो बराचसा टिकला आहे. सुरुवातीलाच फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी साध्या कपड्यांत कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते : हसू, राग, रडू. मग तीच मुलगी बघता बघता कृष्णाच्या वेषात दिसू लागते. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका बापानं आपल्या लेकीचं कौतुक सगळ्या देशाला दाखवलं, आणि ते करताना नट आणि पात्र यांच्यातली गंमतही सांगून टाकली.

इतके जुने चित्रपट हरवले कसे?

जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती आपोआप सडते आणि पटकन पेटते. शिवाय चित्रपट चालून झाला की त्याची किंमत शून्य, असाच समज होता. रिळं गोदामात पडून राहिली किंवा त्यांतली चांदी काढण्यासाठी विकली गेली. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) असाच गेला. स्वतः कॅमेरा घडवणाऱ्या कोल्हापूरच्या या चित्रकारानं कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट मूकपटात सांगितली. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. आज त्याची प्रत नाही. २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यातही प्रभातच्या काळातला ऐवज गेला.

जे वाचलं त्यात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा वाटा फार मोठा. १९६४मध्ये ते सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून रिळं गोळा केली. तुमच्या घरात, गावातल्या बंद टॉकीजमध्ये जुनी रिळं, पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका असतील तर रद्दीत देऊ नका, संग्रहालयाला कळवा. रिळांचा डबा घरी उघडून उन्हात ठेवू नका, एवढी मात्र काळजी घ्या.

मुलांबरोबर काय बघू?

'श्यामची आई' (१९५३). आचार्य अत्रे यांचं दिग्दर्शन, वनमाला आई, माधव वझे श्याम. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक याला मिळालं. त्यानंतर मराठीला तो मान मिळायला २००४ साली आलेल्या 'श्वास'पर्यंत वाट बघावी लागली.

ही आई नुसती गोड नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शोधून काढते आणि मार देऊन विहिरीवर धाडते. गरिबी दाखवताना कुठं आवाज चढवलेला नाही. साने गुरुजींच्या पुस्तकातला कोकण, ती माणसं, ती घरं जशी हवीत तशी आहेत. मात्र शेवट जड आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला एकट्याला लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, शेजारी बसा.

नंतर चेहरे हलके करायला 'लाखाची गोष्ट' (१९५२). महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करायचे, एवढीच अट. मुलं लगेच आपले हिशेब मांडायला लागतात. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या तिघांचं हे काम. 'त्या तिथे पलीकडे' यातलंच.

गाण्यांसाठी एखादा?

'जगाच्या पाठीवर' (१९६०). वरचीच तिघांची जोडणी. 'एक धागा सुखाचा', 'बाई मी विकत घेतला श्याम', 'उद्धवा अजब तुझे सरकार' ही सगळी एकाच चित्रपटातली. राजा परांजपे रस्त्यावर, सोबत सीमा देव यांनी केलेली आंधळी मुलगी.

'साधी माणसं' (१९६५) भालजी पेंढारकरांचा. लोहार नवरा-बायको खेड्यातून शहरात येतात आणि शहर त्यांना गिळू पाहतं. भाता, ऐरण, ठिणग्या, जयश्री गडकर आणि 'ऐरणीच्या देवा तुला'. संगीतकार म्हणून नाव लागतं 'आनंदघन'. त्या नावामागे लता मंगेशकर होत्या.

तमाशापट एकच बघायचा तर?

एकच सांगणं मला जमणार नाही. 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२), दोन्ही बघा.

अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. 'बुगडी माझी सांडली गं'वर जयश्री गडकर नाचतात ते सगळ्यांना माहीत असतं. हंसा वाडकर काय करतात तिकडे लक्ष द्या. फडावरची बाई उभी कशी राहते, बोलता बोलता पदर कसा सावरते, हे त्यांनी बारकाईनं दाखवलंय. त्यांचं आत्मचरित्रही याच नावाचं, आणि श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (१९७७) त्यावरूनच आलेला.

'पिंजरा'ची मूळ कल्पना 'द ब्लू एंजल' या १९३०च्या जर्मन चित्रपटातली : तत्त्वनिष्ठ शिक्षक नाचणारीच्या नादी लागून धुळीला मिळतो. शांतारामांनी ती इतकी मराठी मातीत रुजवली की मूळ जर्मन आहे हे सांगावं लागतं. डॉ. श्रीराम लागू फडावर तुणतुणं धरून उभे राहतात तेव्हा गुरुजींचं सगळं शिक्षण, सगळा मान त्या हातात दिसतो. सोबत निळू फुले. शांतारामांचा रंगांचा सोस काही ठिकाणी जास्त होतो, हे मात्र खरं.

रहस्यपट होता का आपल्याकडे?

'पाठलाग' (१९६४). काशिनाथ घाणेकर वकील, भावना नायिका, राजा परांजपे दिग्दर्शक. हिंदीत याचाच 'मेरा साया' झाला. हिंदी आधी पाहिला असेल तरी हरकत नाही, कोर्टातले प्रसंग मराठीत जास्त घट्ट आहेत.

राजकारणावरचे 'सामना' आणि 'सिंहासन' आज जुने झाले का?

नाही. दुर्दैवानं.

दोन्ही जब्बार पटेल यांचे, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सामना' १९७५चा. सहकारी साखर कारखान्यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पैसा, शाळा, दवाखाने आणले, आणि त्याच्याबरोबर एक नवा पुढारीही आणला, ज्याच्या शब्दाबाहेर तालुक्यात पान हलत नाही. हिंदुराव धोंडे पाटील हा तो पुढारी. निळू फुले त्याला कुठेही ओरडायला लावत नाहीत. हसतात, पाहुणचार करतात, खांद्यावर हात ठेवतात. भीती त्या हसण्याची वाटते. अशा या साम्राज्यात एक दारुडा, सगळं गमावलेला मास्तर, श्रीराम लागू, कुठूनसा येऊन पडतो आणि एकच प्रश्न विचारत सुटतो : 'मारुती कांबळेचं काय झालं?'

हा प्रश्न वाक्प्रचार होऊन बसला. पण चित्रपट बघताना कळतं की तो विचारणं किती महाग पडतं, आणि विचारणाराही धुतल्या तांदळासारखा नाही. महाविद्यालयातल्या मुलांना हा चित्रपट दाखवला की नंतर वाद ठरलेला : मास्तर न्यायासाठी झगडतोय की स्वतःच्या उरल्यासुरल्या स्वाभिमानासाठी? मला दोन्ही खरं वाटतं. आरती प्रभूंचं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे गीत ज्या ठिकाणी येतं, तिथे चित्रपट थांबवून दुसरं काही करू नका. भास्कर चंदावरकरांचं संगीत तिथं प्रेतयात्रेच्या पावलांनी चालतं.

'सिंहासन' (१९७९) मुंबईचा. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार पुढारी डिकास्टा, आणि निळू फुले या वेळी पत्रकार दिगू टिपणीस. ज्यांनी 'सामना'त सत्ता हातात धरली तेच इथे सत्तेकडे नुसतं बघत उभे आहेत. सुरेश भटांचं 'उषःकाल होता होता काळरात्र झाली' यात आहे. पात्रं पुष्कळ आहेत. कोण कुणाच्या गटात हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं नाही तरी थांबू नका. मंत्रालयातली फोनची घंटा ऐकत राहा, सगळं उलगडतं.

आधी 'सामना', मग 'सिंहासन'. गावातली सत्ता कळली की मुंबईतली लवकर कळते.

स्मिता पाटील यांचं मराठी काम कुठून सुरू करू?

'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२). पुन्हा जब्बार पटेलच.

'जैत रे जैत' गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर आदिवासींच्या जगातला. नाग्या (मोहन आगाशे) हा भगताचा मुलगा. राणीमाशीनं त्याच्या डोळ्याला डंख केला आणि त्यानं तिचं पोळं उतरवायचा पण केला. चिंधी (स्मिता पाटील) त्याच्याबरोबर उभी राहते. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल : 'मी रात टाकली', 'जांभूळपिकल्या झाडाखाली', 'नभं उतरू आलं'. यात संवादांपेक्षा गाणी जास्त सांगतात. मोबाइलच्या स्पीकरवर हा चित्रपट बघणं म्हणजे न बघणंच.

'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली. नवरा वाईट नाही, सासू कर्तबगार, मुलगी लहान. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली ही बाई दूरच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. तिला कोणी छळलेलं नाही, तरी तिला जायचं आहे, आणि हेच पुष्कळांना पचत नाही. 'मुलीला सोडून गेली कशी' असं पाहून झाल्यावर कोणीतरी म्हणतंच. तेच कारण घेऊन पुरुष परगावी गेला असता तर हा प्रश्न आला असता का? या चित्रपटाची बाजू मी उघडपणे घेतो. 'कुंकू'तली नीरा जो नकार देते, तोच पंचेचाळीस वर्षांनी सुलभाच्या तोंडी आला आहे. फक्त आता समोर काकासाहेब नाहीत, समजूतदार माणसं आहेत, म्हणून तो देणं अवघड झालंय.

घरातल्या सगळ्यांनी मिळून हसायचं असेल तर?

'अशी ही बनवाबनवी' (१९८८). दिग्दर्शन सचिन, लेखन वसंत सबनीस. मूळ कल्पना 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटातली. भाड्यानं खोली मिळत नाही म्हणून चौघांपैकी दोघे बायका होतात. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य ज्यांना पाठ आहे त्यांनीही एकदा अशोक सराफ यांच्याकडे, ते बोलत नसताना, लक्ष ठेवून बघावं.

त्याआधीचा हवा तर 'ब्रह्मचारी' (१९३८) : लेखन अत्रे, दिग्दर्शन मास्टर विनायक. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हटलं आणि महाराष्ट्रभर गहजब झाला.

'अयोध्येचा राजा' पहिला मराठी बोलपट. तो यादीत वर का नाही?

कारण पहिला आहे म्हणून तो आधी बघितला की माणसं तिथेच थकतात. १९३२च्या त्या चित्रपटात दुर्गा खोटे यांचा वावर फार देखणा आहे, चांगल्या घरातल्या बाईनं पडद्यावर येणं ही तेव्हाची मोठी घटना होती. पण ध्वनिमुद्रण नवं, कॅमेरा जागचा हलत नाही. दहा-बारा जुने चित्रपट पाहून झाले की मग बघा. त्यानंतर पाच वर्षांत तीच कंपनी 'कुंकू'पर्यंत पोचली, हा वेग तेव्हा नीट जाणवेल.

हे चित्रपट बघायला मिळतात कुठे?

बरेच यूट्यूबवर आहेत. एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती असतात. सगळ्यात लांबीची निवडा, कारण टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीही तिथेच पडलेल्या असतात. सह्याद्री वाहिनीवर अधूनमधून लागतात. पुण्यात राहत असाल तर संग्रहालयाचे खेळ चुकवू नका. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चित्रपट दाखवत आलं आहे. गोव्यात दर वर्षी होणाऱ्या 'इफ्फी' या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जतन करून नव्यानं तयार केलेल्या जुन्या प्रती पडद्यावर बघायची संधी मिळते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपतीत नाटकाबरोबर एक संध्याकाळ 'संत तुकाराम'ला द्यावी, इंग्रजी सबटायटल असलेली प्रत मिळते.

एकट्यानं बघू की कोणाबरोबर?

'कुंकू', 'सामना' आणि 'उंबरठा' कोणाबरोबर तरी बघा, शक्य तर वेगळ्या पिढीतल्या माणसाबरोबर, आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका. बोलण्यासारखं खूप निघतं. 'जैत रे जैत' एकट्यानं, हेडफोन लावून. बाकीचे कसेही.